पितळी बिल्ला आणि एकवीस गाठी

रत्नागिरीत घोडे किती, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, हातांची बोटं पुरतात, फार तर एका पायाची उसनी घ्यावी लागतात. कोकण हा बैलांचा आणि होड्यांचा मुलूख. जांभ्याच्या चढउतारावर घोडा पाळायची हौस केली ती टांगेवाल्यांनी. बंदरात मुंबईची बोट लागली की चाकरमानी ट्रंका-वळकट्या घेऊन उतरायचे आणि रांगेत उभे असलेले टांगे त्यांना गावात पोचवायचे. या मूठभर घोड्यांचा आणि त्यांच्या कितीतरी पट गाईम्हशींचा मी सरकारी डॉक्टर होतो. गावात मला 'ढोरांचा डाक्टर' म्हणत. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे लक्षात आलं, की माणसांच्या डॉक्टरशी रोगी खोटं बोलतात. माझे रोगी कधी खोटं बोलले नाहीत, बोलले ते त्यांचे मालक. आणि एकदा मी.

तीस साल नुकतंच उलटलं होतं. मी गुहागरच्या सुपारीच्या बागेत वाढलेला, मुंबईला शिकून आलेला, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री असलेला तरुण होतो. ती खात्री अजूनही फारशी कमी झालेली नाही, असं घरचे म्हणतात.

रत्नागिरीत आल्यावर पहिल्याच वर्षी मी दोन घोडे धनुर्वाताने मरताना पाहिले. ते का मरतात हे शोधायला मला फार डोकं खाजवावं लागलं नाही. पावसाळ्यात बोटी बंद. चार महिने घोडे तबेल्यात उभे, पायांत नाल नाहीत, खूर ओलीने मऊ झालेले. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू होण्याच्या सुमाराला घाटावरून एक नालबंद खाली उतरायचा आणि आठवडाभरात साऱ्या गावचे घोडे नाल ठोकून मोकळे करायचा. घाई त्याला, घाई टांगेवाल्यांना. एखादा खिळा मऊ खुरातून आत जिवंत मांसाला लागायचा. वर लिदीने भरलेली जमीन. मग दहा-बारा दिवसांनी घोडा लाकडासारखा ताठ, शेपूट उभी, दातखीळ बसलेली. लोक म्हणायचे, बाहेरची बाधा झाली. बाधा होती ती खिळ्याची.

यावर माझ्याकडे उपाय होता. लोक सरसकट लस म्हणतात, पण तिच्या दोन जाती असतात. एक जात शरीराला स्वतः लढायला शिकवते, ती सावकाश चढते पण पुष्कळ टिकते. दुसरी म्हणजे सीरम, दुसऱ्या घोड्याच्या रक्तातून तयार झालेलं औषध आयतं आणून टोचायचं. ते त्याच दिवशी कामाला लागतं, पण पाहुण्यासारखं तीन आठवडे राहतं आणि निघून जातं. धनुर्वाताची पहिल्या जातीची लस घोड्यांसाठी पुढे सर्रास मिळू लागली. तेव्हा माझ्या हातात होता तो पाहुणा.

तो पाहुणा थंडाव्यात ठेवावा लागे, आणि रत्नागिरीत बर्फ कुठला? मी बाटल्या शिंकाळ्यात घालून घरमालकिणीच्या विहिरीत पाण्याच्या वर हातभर सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई पदर खोचून माझ्या दारात उभी.

"घोड्याचां रगत माज्या इहिरीत? आमी पानी पितांव तां!"

बाटल्या लाखेने बंद आहेत हे मी समजावून सांगितलं, मग ओरडून सांगितलं. दोन्हीचा उपयोग झाला नाही. शेवटी बाटल्या बागेच्या रहाटाच्या विहिरीत गेल्या आणि घरमालकिणीने आपली विहीर तीन दिवस उपसून घेतली. त्यानंतर तिचं पाणी इतकं गोड लागायला लागलं की ती श्रेय मलाच देई.

खरी लढाई टांग्यांच्या अड्ड्यावर होती. नालबंद यायच्या आठवड्यातच सगळ्या घोड्यांना सीरम टोचायचं, अशी माझी साधी योजना. टांगेवाले ऐकून घेत, विडी ओढत, आणि घोडा काही आणत नसत. तेव्हा मी चिडलो, आणि चिडलो की मला फार सोपं बोलता येतं. मी म्हणालो, "तुमच्या पोरांना देवी काढता की नाही? तसंच हे. देवी काढतात तसंच समजा."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. देवीची लस प्रत्येकाच्या ओळखीची. दंडावर वण उठला की जन्माची काळजी मिटली. त्यांच्यातला एक वयस्कर टांगेवाला पुढे झाला. बारीक अंगाचा, मिशा पांढऱ्या, कमी बोलणारा माणूस. त्याची एक तांबडी घोडी होती आणि घरात तो आणि बायको, बस्स. त्याने विचारलं, "देवीचा वन ऱ्हातो. हिचा वन खुटां ऱ्हानार? टोचली तां कळायचां कसां?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं, की वण राहत नाही कारण काहीच राहत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा जखम झाली तर पुन्हा टोचायला हवं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण तीन आठवडे म्हटलं असतं तर एकानेही घोडा आणला नसता, हे मला दिसत होतं. धोका असतो तो नालांच्या आठवड्यात, तेव्हा दर वर्षी त्याच आठवड्यात टोचू, बाकीचं मी बघून घेईन, असा हिशेब मी मनाशी केला. आणि तोंडाने म्हणालो, "निशाणी मी देतो."

तांबटाकडून मी पितळेचे गोल बिल्ले करून घेतले. मधे घोड्याचं तोंड ठोकलेलं. तांबटाने घोडा कधी नीट पाहिला नसावा, कारण ते बकऱ्याचं जास्त दिसे. तरी पट्ट्यावर लावलेला बिल्ला उन्हात चमकला की रुबाब यायचा. तांबडी घोडी पहिली टोचून घ्यायला आली. तिच्या मानेत सुई गेली तेव्हा टांगेवाल्याने स्वतःच डोळे मिटून घेतले. घोडीने नुसता कान हलवला.

त्या मोसमात नालबंदाने तीन घोड्यांच्या खुरात खिळा चुकवला. रक्त मी डोळ्यांनी पाहिलं. दहा दिवस गेले, बारा गेले, पंधरा गेले. तिन्ही घोडे टांगे ओढत होते. मी अड्ड्यावरून जाताना छाती जरा जास्तच पुढे काढून जायचो, हे कबूल करतो. उतारूसुद्धा बिल्ला बघून टांग्यात बसायला लागले, जणू धनुर्वात टांग्यात बसणाऱ्यालाच व्हायचा होता. मग मागण्या सुरू झाल्या. लंगडण्यावर लस द्या. पोटशुळावर द्या. एकाने तर अंग चोरणाऱ्या घोड्यावर लस मागितली. मी म्हटलं, ती असती तर आधी आमच्या कचेरीतल्या शिपायाला टोचली असती.

हिवाळ्यात बिल्ला लावलेला एक घोडा चावऱ्या माश्यांपासून येणाऱ्या माशीच्या तापाने गेला. मालक बिल्ला घेऊन आला आणि माझ्यापुढे धरला. मी त्याला खडसावलं, की हा रोग वेगळा, ही लस त्या रोगाची नव्हेच. माझं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. पण बिल्ल्यावर कुठल्या रोगाचं नाव होतं का? तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं, पण बरोबर असलेल्या माणसाला शहाणपण उशिरा येतं.

शिमगा आला. कोकणात चाकरमानी एक वेळ लग्नाला येणार नाही, पण शिमग्याला येणार. बंदरावर नुसती झुंबड. होळी होऊन दोन दिवस झाले आणि तो वयस्कर टांगेवाला सकाळी दवाखान्यात आला. घाबरलेला मुळीच नव्हता.

"डाक्टर, घोडी जरा आखडलीय. वारा लागला असंल. मालिशीचां तेल द्या."

मी त्याच्याबरोबर गेलो. तबेला म्हणजे घराच्या पडवीला लागून काढलेला गवती आडोसा. घोडी चार पाय पसरून उभी होती, मान पुढे ताठ, नाकपुड्या फुललेल्या. मी तिच्या हनुवटीखाली हलकेच बोट लावलं तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून आतली पांढरी पापणी सर्रकन पुढे आली. ही खूण एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. मी एकेक पाय बघितला. पुढच्या डाव्या खुराच्या तळाशी वाळलेल्या शेणाखाली भोक होतं.

"हे काय?"

"खिळा व्हता. बंदरावर खोक्याच्या फळीवर पाय पडला. धा दिवस झालं. मी काढला, हळद नि श्यान लावलां."

आवाज करायचा नाही हे कळत होतं म्हणून घोडीपासून दूर, विहिरीजवळ त्याला नेलं आणि दात चावून म्हणालो, "दहा दिवस! त्याच दिवशी आला असतात तर एका सुईचं काम होतं. मला का सांगितलं नाहीत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला माझा राग समजतच नव्हता. "पन तिला बिल्ला हाय ना," तो म्हणाला.

माझ्या रागाला जायला जागा उरली नाही.

मी सीरमच्या सगळ्या उरलेल्या बाटल्या आणल्या आणि तिला टोचल्या. रोग वर आल्यावर सीरमने फारसं होत नाही हे मला ठाऊक होतं, आणि या वेळी मी ते त्या दोघांना स्पष्ट सांगितलं. आता आशा तीनच गोष्टींची: अंधार, शांतता आणि पोटात काही जात राहणं. आडोशाला गोणपाटं लावून उजेड बंद केला. घोडीला मान खाली घालता येईना, म्हणून तिच्या तोंडाच्या उंचीला बादली टांगली. टांगेवाल्याची बायको, मी तिला वहिनी म्हणे, कुळथाचं कळण म्हणजे शिजल्या कुळथाचं पाणी करायची. त्या घरात रोजच कुळीथ शिजायचे, घोडीला दाणे आणि या दोघांना वरचं कळण. त्या दिवसांत उलटं झालं, कळण घोडीला गेलं. मिटलेल्या दातांच्या फटीतून ती ते सुरसुर ओढून घ्यायची. बादलीची कडी वाजली तरी तिच्या अंगातून कळ जायची आणि सगळं शरीर धनुष्यासारखं ताणलं जायचं, म्हणून वहिनींनी कडीला चिंधी गुंडाळली होती. घरात भांडंसुद्धा चुलीवरून दोन्ही हातांनी उतरायचं.

चौथ्या दिवशी दातांची फट किंचित वाढली. मला वाटलं, जिंकलो. आणि तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "उद्या पालखी आमच्या वाडीत हाय."

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, हे कोकणात मुलांनासुद्धा सांगावं लागत नाही. पुढे ढोल, ताशे, सनई. त्या आवाजात धडधाकट घोडासुद्धा उधळतो. ही घोडी जागच्या जागी मोडली असती.

मी तडक मानकऱ्याच्या घरी गेलो. पालखी कुठे थांबायची, ढोल कधी वाजायचा, सगळं त्याच्या शब्दावर. मी आधी विनंती केली. तो म्हणाला, देवी मुकी कशी जाईल? वर्षातून एकदा लेकरांच्या घरी येते. मग नेहमीप्रमाणे माझा आवाज चढला. शास्त्र, रोग, सरकार, सगळं मी त्याच्या अंगणात ओतलं. तो सुपारी कातरत बसला होता. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "रोग खुटला म्हनालात?"

"धनुर्वात."

त्याचा अडकित्ता थांबला. "माजा धाकटा भाव तेनंच गेला. विळा लागला व्हता. ताट पडलां तरी असा वाकडा व्हयाचा." त्याने हाताने कमान करून दाखवली. मग म्हणाला, "जावा तुमी. ढोल वाजनार नाय."

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी मी वाडीच्या तोंडाशी उभा होतो. लांबून ढोल ऐकू येत होते. पिंपळाच्या पाराशी आल्यावर मानकऱ्याने हात वर केला आणि आवाज बंद झाला. ढोलवाल्यांनी ढोलांच्या पानांवर तळवे दाबून धरले होते. ताशे पाठीवर टाकलेले. सनईवाल्याने सनई बगलेत मारलेली. एवढा जमाव, अंगावर गुलाल, आणि नुसता अनवाणी पायांचा आवाज. मुलंसुद्धा बोट तोंडावर ठेवून चालत होती. पालखी दाराशी टेकली. वहिनींनी ओटी भरली, नारळ ठेवला. तो फोडला नाही, तसाच ठेवला. मी आडोशात घोडीच्या खांद्यापाशी होतो. तिचे कान हलले. कळ आली नाही. आयुष्यात मी देवापुढे फारसा वाकलेलो नाही, पण त्या दुपारी मी गोणपाटाच्या फटीतून हात जोडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी खाली बसली. धनुर्वाताचा घोडा खाली बसला की उठत नाही. आम्ही तिघांनी आणि एका शेजाऱ्याने दोर लावून, गवताचे भारे लावून प्रयत्न केला. दुपारी ती गेली. ढोलाने गेली नाही, कुणाच्या चुकीच्या शब्दाने त्या क्षणी गेली नाही. वेळ निघून गेली होती, एवढंच. एका सुईची वेळ.

दोन दिवसांनी टांगेवाला दवाखान्यात आला. बायको बरोबर होती. त्याने बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला. चिंचेने घासून लख्ख केला होता. तो रोजच तसा घासायचा.

"डाक्टर," तो म्हणाला, "तुमी खोटां नाय बोललांत. पन पुरां पन नाय बोललांत."

मी त्याला सगळं सांगितलं. तीन आठवडे. पाहुणा. मी का लपवलं तेही. बोलताना माझी मान वर होत नव्हती. मी आजवर बऱ्याच चुका केल्या आणि बहुतेकांचं खापर दुसऱ्यावर फोडायला मला जमलं, पण ही चूक माझी होती आणि एकट्याची होती.

बोलल्या त्या वहिनी. त्या खलाशाच्या घरातल्या. "तीन आठवड्यांची वस्तू व्हती, तर पितळ कशाला दिलांत?" त्या म्हणाल्या. "पितळ झिजत नाय. आमचा बापूस गलबतावर जायचा, तेव्हा आय सुंभाला गाठी मारून ठेवायची. रोज येक सोडायची. गाठी संपल्या की आमी बंदरावर बघायला जायचो. तसां दिलां असतांत, तर ह्येनी रोज गाठ सोडली असती. संपल्यावर खिळा लागला, तर तुमच्याकडे धावले असते."

शिकलेल्या माणसाचं शिक्षण किती लांब पोचतं आणि कुठे थांबतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आधी मी सगळे बिल्ले परत घेतले. कुरकुर झाली, कारण बिल्ला दिसायला छान होता. अड्ड्यावर उभा राहून मी या वेळी अक्षर न् अक्षर खरं सांगितलं: ही लस एका रोगाची, एकाच, माशीच्या तापाची नाही, लंगडण्याची नाही, एकवीस दिवसांची, आणि गाठी संपल्यावर खूर, तंगडी, काहीही फुटलं तर त्याच दिवशी माझ्याकडे. मला वाटलं होतं, निम्मे घोडे माघारी जातील. सगळे टोचून घ्यायला थांबले. लोकांना कमी सांगितलं तर ते विश्वास ठेवतात, हा माझा समज अगदी पोकळ निघाला. प्रत्येक टांग्याच्या दांडीला मी सुंभाचा एकेक तुकडा बांधला, एकवीस गाठींचा. माझी बदली होईपर्यंत पुढे पाच-सहा मोसम मी रत्नागिरीत होतो. त्या अड्ड्यावरचा एकही घोडा धनुर्वाताने गेला नाही. हे मी मान ताठ ठेवून सांगतो, कारण त्यात बढाई नाही.

टांगेवाल्याने घाटावरून नवीन घोडा आणला, करडा, जरा खट्याळ. दुसऱ्या मोसमातली गोष्ट. भर उन्हात तो घोडा हाताने धरून चालत दवाखान्याच्या आवारात आला. मागे टांग्यात एक उतारू संतापून बसला होता. त्याची बोट सुटायला आली होती. घोड्याच्या मागच्या खुरात बारीक खिळा गेला होता, तो त्याने काढलेला, जेमतेम रक्त आलेलं. टांगेवाल्याच्या हातात दांडीवरून सोडून आणलेला सुंभ होता.

मी गाठी मोजल्या. सात उरल्या होत्या. मी म्हणालो, "अहो, अजून सात दिवस आहेत. आधीचं औषध अंगात आहे. उतारूला सोडून या, मग बघू."

तो जागचा हलला नाही.

"गाठी तुमी मारल्यात, डाक्टर," तो म्हणाला. "खिळा मी बघितलाय."

मी सुई उकळायला ठेवली.